शुल्क विद्यापीठाचे, शिक्षण उसनवारीचे

माझी भाची टेक्सासमधील एका रुग्णालयात परिचारिका आहे. मिरजेला परिचर्येची पदवी घेऊन काही वर्षे मुंबईत राबली, मग तिकडची परवाना परीक्षा देऊन आणि व्हिसाच्या लांबलचक रांगेत तिष्ठून ती अमेरिकेत गेली. मध्यंतरी तिने मला एक प्रवेशअर्ज पाठविला आणि सोबत एकच ओळ लिहिली, "मामा, हा भरू की नको ते सांगा." अर्ज होता एका अमेरिकन विद्यापीठाच्या ‘फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर’ या ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा. वैद्यकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु कामगार संघटनेत करारांचे कागद वाचण्यात उभी हयात गेल्यामुळे, कागदावर काय लिहिले आहे याबरोबरच काय लिहिलेले नाही हेही पाहण्याची खोड मला जडली आहे. त्या खोडीपायी हा अर्ज मी दोनदा वाचला, आणि जे आढळले ते केवळ माझ्या भाचीपुरते नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

अर्जात विचारलेल्या गोष्टींची यादी मोठी आहे. परिचर्येची पदवी, तीतील गुणांची सरासरी, राज्याचा चालू परवाना, दोन वा तीन शिफारसपत्रे, कामाचा अनुभव, ‘मला हे शिक्षण का घ्यावयाचे आहे’ या विषयावर पाचशे शब्दांचे निवेदन आणि अर्थात अर्जाचे शुल्क. परदेशी पदवी असेल तर तिचे मूल्यमापन निराळे, त्यासाठी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडून आणि विद्यापीठाकडून कागद मागवावयाचे ते निराळे. उमेदवाराने स्वतःविषयी सांगावयाचे एकही अंग यातून सुटलेले नाही. विद्यापीठाने उमेदवाराला काय द्यावयाचे, हे मात्र शोधावे लागते. ते शोधता शोधता मी विद्यार्थ्यांसाठीच्या नियमावलीतील एका वाक्याशी येऊन थांबलो. त्याचा आशय असा: प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या प्रशिक्षणासाठी योग्य मार्गदर्शक आणि दवाखाना शोधण्याची प्राथमिक जबाबदारी विद्यार्थ्याची राहील.

या एका वाक्यात सगळा व्यवहार आहे. तो समजून घेण्यासाठी हा अभ्यासक्रम मुळात काय आहे आणि कोठून आला, हे पाहिले पाहिजे.

१९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिका-प्राध्यापिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने अनुभवी परिचारिकांना मुलांची तपासणी, निदान आणि सामान्य आजारांवरील उपचार शिकविण्यास आरंभ केला. गरीब वस्त्यांत आणि दूरच्या गावांत डॉक्टर जात नव्हते. परिचारिका मात्र तेथे आधीपासूनच होती. तिच्या अंगी असलेल्या ज्ञानाला शिस्त द्यावी, भर घालावी आणि अधिकार द्यावा, हा साधा विचार त्यामागे होता. त्याआधीही केंटकीच्या डोंगराळ भागात मेरी ब्रेकिनरिज यांनी १९२५ साली स्थापन केलेल्या संस्थेच्या परिचारिका घोड्यावर बसून बाळंतिणींच्या घरी जात असत. त्याच संस्थेने १९७० च्या सुमारास संपूर्ण कुटुंबाची प्राथमिक काळजी घेणाऱ्या परिचारिकांचे, म्हणजे फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरचे शिक्षण सुरू केले. कॅनडातील ओंटारिओ प्रांतातल्या बर्लिंग्टन गावी कुटुंबे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटून एक प्रयोग झाला. एका गटाची पहिली तपासणी डॉक्टरकडे, दुसऱ्याची अशा परिचारिकेकडे. १९७४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, दोन्ही गटांच्या आरोग्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पुढे १९७७ च्या कायद्याने ग्रामीण दवाखान्यांत या परिचारिकांच्या सेवेचे पैसे सरकारी विम्यातून मिळू लागले, आणि १९९७ च्या कायद्याने ती सवलत सर्वत्र लागू झाली. दर मात्र डॉक्टरला मिळतात त्याच्या ८५ टक्के. आज अमेरिकेतील निम्म्याहून अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर डॉक्टरच्या देखरेखीवाचून स्वतंत्रपणे रुग्ण पाहू शकते.

हा इतिहास इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, आपण ज्याला मनापासून पाठिंबा द्यावा अशी ही चळवळ होती. वैद्यकीय ज्ञानावर एका व्यवसायाची मक्तेदारी असू नये, श्रम करणाऱ्या स्त्रीच्या हाती ज्ञान आणि अधिकार दोन्ही यावेत, उपचार लोकांच्या दारापर्यंत पोहोचावेत, ही समाजवाद्यांची जुनी मागणी आहे. तेव्हा पुढे जे लिहिणार आहे, ते नर्स प्रॅक्टिशनरच्या विरोधात नाही. जी व्यवस्था तिचे नाव पुढे करून तिलाच लुबाडते, तिच्या विरोधात आहे.

माझ्या भाचीला हा अर्ज का भरावासा वाटतो? तिचे उत्तर सरळ आहे. बारा बारा तासांच्या पाळ्या, त्यांतल्या निम्म्या रात्रीच्या. एका परिचारिकेकडे किती रुग्ण असावेत यावर बंधन नाही. पाठ दुखते, पाय सुजतात, आणि पन्नाशीनंतर हे जमणार नाही हे चाळिशीतच कळून चुकते. अमेरिकन सरकारच्याच आकडेवारीनुसार २०२३ साली नोंदणीकृत परिचारिकेचे मध्यम वार्षिक वेतन सुमारे ८६ हजार डॉलर होते, तर नर्स प्रॅक्टिशनरचे सुमारे १ लाख २६ हजार. खाटेच्या बाजूने सुटका आणि पगारात एवढी वाढ, असा हा दरवाजा आहे. रुग्णालयाचे मालक खाटेजवळचे काम सुसह्य करीत नाहीत, म्हणून परिचारिका पदवीच्या बाजारात लोटल्या जातात. आणि त्या बाजारात दुसरे मालक त्यांची वाट पाहत उभे असतात. अर्जाचा पहिला कागद भरल्यापासून ‘प्रवेश सल्लागार’ म्हणविणाऱ्या माणसाचे फोन तिला दर दोन दिवसांनी येत आहेत. ही तत्परता शिक्षकाची नव्हे. ती विक्रेत्याची आहे.

आता त्या वाक्याकडे वळू. नर्स प्रॅक्टिशनरचे पुस्तकी शिक्षण घरबसल्या होऊ शकते. औषधशास्त्र, रोगविज्ञान, शरीरतपासणीची तत्त्वे हे सारे रात्रपाळी करून आलेली बाई पडद्यावर पाहून, वाचून, पुन्हा पुन्हा ऐकून शिकू शकते. परंतु छातीवर नळी ठेवल्यावर कोणता आवाज साधा आणि कोणता धोक्याचा, ‘थोडेसे दुखते’ म्हणणाऱ्या म्हातारीचे दुखणे किती खोल आहे, कोणत्या तापाला घरी पाठवावे आणि कोणत्याला तत्काळ रुग्णालयात, हे केवळ रुग्णाजवळ, जाणत्या माणसाच्या शेजारी उभे राहूनच कळते. या जाणत्या माणसाला तिकडे ‘प्रिसेप्टर’ म्हणतात. अभ्यासक्रमांसाठीच्या राष्ट्रीय मानकांत प्रत्यक्ष रुग्णसेवेचे किमान तास पूर्वी ५०० होते. २०२२ च्या मानकांनी ते ७५० केले. डॉक्टरला पदवीनंतरच्या निवासी प्रशिक्षणात जे हजारो तास मिळतात, त्यांच्यापुढे हे तास थोडेच आहेत. म्हणूनच त्यांतला प्रत्येक तास मोलाचा. नेमके हेच तास विद्यापीठ देत नाही. ते विद्यार्थिनीने मिळवून आणावयाचे, आणि त्या तासांच्या श्रेयांकांचे शुल्क मात्र विद्यापीठाने घ्यावयाचे.

याचा व्यवहारात अर्थ काय होतो? माझ्या भाचीच्या विभागातील एक सहकारी अशाच एका अभ्यासक्रमात आहे. सुटीच्या दिवशी ती दवाखान्यांची यादी घेऊन बसते, पत्रे लिहिते, फोन करते, शेवटी मोटार काढून दारोदार जाते. पुष्कळांकडून उत्तरच येत नाही. कोणी म्हणतात, आमच्याकडे आधीच विद्यार्थी आहेत. कोणी सरळ पैसे मागतात. या अडचणीतून एक नवाच धंदा उभा राहिला आहे. विद्यार्थिनी आणि प्रिसेप्टर यांची गाठ घालून देणाऱ्या दलाल कंपन्या निघाल्या आहेत, आणि त्या एकेका सत्रासाठी विद्यार्थिनीकडून हजारो डॉलर घेतात. ज्यांना ते परवडत नाहीत त्यांचे सत्र वाया जाते, पदवी लांबते, डोक्यावरचे व्याज वाढत राहते. शाळेने फी घ्यावी, वर्गखोली द्यावी आणि म्हणावे की शिक्षक मात्र तुमचा तुम्ही आणा, न मिळाल्यास नापास, असे आपल्या गावच्या शाळेने केले असते तर पालकांनी तिला कुलूप ठोकले असते.

या व्यवहारात नफा कोणाचा, हेही पाहू. अमेरिकेतील परिचर्या शिक्षणाच्या बाजारात चेंबरलेन आणि वॉल्डन ही दोन मोठी नावे आहेत. चेंबरलेनची मालक असलेल्या अ‍ॅडटालेम या कंपनीने २०२१ साली वॉल्डन विद्यापीठ सुमारे १४८ कोटी डॉलरना विकत घेतले. विद्यापीठ विकत घेतले, हे शब्द मी मुद्दाम जसेच्या तसे लिहितो, कारण तिकडे ते वर्तमानपत्राच्या उद्योगव्यापाराच्या पानावरील साधे वृत्त असते. या कंपनीचे पूर्वीचे नाव डीव्हराय. नोकरीच्या संधीविषयी विद्यार्थ्यांची दिशाभूल करणाऱ्या जाहिराती केल्याच्या प्रकरणात तिने २०१६ साली केंद्रीय व्यापार आयोगाशी १० कोटी डॉलरची तडजोड केली आणि पुढील वर्षी नाव बदलले. कंपनीचे समभाग शेअरबाजारात विकले जातात. जिचे समभाग बाजारात असतात, त्या संस्थेला दर तीन महिन्यांनी वाढ दाखवावी लागते. वाढ दाखवावयाची म्हणजे विद्यार्थी वाढवावयाचे. पडद्यावरील व्याख्यान शंभरांना दाखविले काय किंवा दहा हजारांना दाखविले काय, खर्च फारसा वाढत नाही. खर्च वाढतो तो खाटेजवळच्या शिक्षकाचा. म्हणून व्याख्यान संस्थेकडे राहिले आणि खाटेजवळचा शिक्षक विद्यार्थिनीच्या गळ्यात पडला. यात कोणा एका व्यवस्थापकाचा दुष्टपणा शोधण्याचे कारण नाही. नफ्याचे गणित शिक्षणाला लावले की उत्तर असेच येते. आणि खेदाची गोष्ट अशी की, ना-नफा म्हणविणारी कित्येक विद्यापीठेही त्याच गणिताची री ओढू लागली आहेत.

येथे कोणी विचारील, मग डॉक्टरांचे प्रशिक्षण कसे चालते? तेही खर्चाचेच आहे. त्याचे उत्तर फार बोलके आहे. डॉक्टरांच्या निवासी प्रशिक्षणासाठी अमेरिकेचे सरकार मेडिकेअर या वृद्धांच्या सार्वजनिक विम्यातून शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांना दरवर्षी एक हजार कोटी डॉलरहून अधिक रक्कम देते. म्हणजे डॉक्टरला शिकविणाऱ्याचा खर्च समाज उचलतो, आणि शिकणाऱ्या डॉक्टरला त्या काळात वेतनही मिळते. नर्स प्रॅक्टिशनर त्याच मेडिकेअरचे रुग्ण तपासते, परंतु तिला शिकविणाऱ्याचा खर्च तिनेच कर्ज काढून भागवावयाचा, आणि शिकण्याच्या काळात तिला दमडीही मिळावयाची नाही.

हे अशक्य असते म्हणून झाले नाही, असेही नाही. २०१० च्या आरोग्य सुधारणा कायद्याने एक प्रयोग मांडला होता. २०१२ पासून पाच रुग्णालयांना, वर्षाला ५ कोटी डॉलरपर्यंत, नर्स प्रॅक्टिशनर आणि तत्सम परिचारिकांच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणासाठी सरकारी पैसा देण्यात आला. रुग्णालये, विद्यापीठे आणि गावोगावचे दवाखाने यांची त्यातून सांगड घातली गेली. २०१८ मध्ये प्रयोग संपला, आणि त्याची कायमची योजना झाली नाही. जॉर्जिया, मेरिलँड, हवाई अशा काही राज्यांनी प्रिसेप्टरला थोडी करसवलत दिली आहे. रोगाचे निदान झाले, औषधाची चाचणी झाली, आणि मग बाटली कपाटात ठेवून कुलूप लावले, असा हा प्रकार आहे.

त्यावर कळस चढला तो २०२५ साली. ४ जुलै रोजी त्या देशात एक अवाढव्य अर्थविषयक कायदा झाला. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिक्षणाच्या पूर्ण खर्चाइतके सरकारी कर्ज देणारी योजना नव्या कर्जदारांसाठी १ जुलै २०२६ पासून बंद करण्याची तरतूद त्यात आहे. त्याऐवजी सामान्य पदव्युत्तर अभ्यासक्रमाला वर्षाला २०,५०० आणि एकूण १ लाख डॉलर, तर ‘व्यावसायिक’ पदवीला वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलर, अशी मर्यादा घातली. मग व्यावसायिक पदवी कोणती, हा प्रश्न आला. नोव्हेंबर २०२५ मध्ये शिक्षण खात्याच्या नियम ठरविणाऱ्या समितीने जो मसुदा संमत केला, त्या यादीत डॉक्टर आहेत, दंतवैद्य आहेत, वकील आहेत, पशुवैद्य आहेत, धर्मोपदेशकही आहेत. परिचारिका नाहीत. माणसाच्या मरणानंतरच्या सद्गतीची विद्या व्यावसायिक ठरली. त्याला मरणापासून वाचविणारीची विद्या ठरली नाही.

या कायद्याचे समर्थक म्हणतात की, कर्जाचा नळ बंद केला म्हणजे विद्यापीठांची फी आपोआप उतरेल. या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे, हे मान्य केले पाहिजे. सरकारी कर्ज अमर्याद मिळते म्हणून फी वाढवीत नेणाऱ्या संस्थांचे वर्णन मी वर केलेच आहे. परंतु चोराला पकडावयाचे म्हणून ज्याच्या घरी चोरी झाली त्याच्याच घराची वीज तोडणे, हा न्याय नव्हे. फीवर मर्यादा घालण्याचा, मार्गदर्शक न पुरविणाऱ्या संस्थांचे कर्ज रोखण्याचा मार्ग सरकारला मोकळा होता. तो सोडून मर्यादा घातली ती कर्ज घेणाऱ्या विद्यार्थिनीवर. सरकारी कर्ज पुरले नाही म्हणजे ती खासगी सावकाराकडे जाईल, जेथे व्याजाचा दर तिच्या गरजेवर ठरतो. आणि अभ्यासक्रम निवडताना ती चांगला कोणता हे पाहणार नाही, स्वस्त कोणता हे पाहील. आणि स्वस्त म्हणजे बहुधा तोच, जेथे खाटेजवळचा शिक्षक नाही.

आता दोन आक्षेपांना उत्तर दिले पाहिजे. पहिला आक्षेप डॉक्टरांच्या संघटनांचा. अमेरिकन मेडिकल असोसिएशन अनेक वर्षे परिचारिकांच्या वाढत्या अधिकारांविरुद्ध मोहीम चालवीत आहे. मी वर जे लिहिले, तेच ती मंडळी हत्यारासारखे वापरतात: पाहा, यांचे प्रशिक्षण किती अपुरे! परंतु हा कळवळा रुग्णाचा असता तर तेच डॉक्टर या विद्यार्थिनींना शिकविण्यासाठी पुढे झाले असते. ज्या राज्यांत नर्स प्रॅक्टिशनरला डॉक्टरशी करार केल्याशिवाय औषध लिहून देता येत नाही, त्यांत माझ्या भाचीचे टेक्सासही आले. अशा करारावर सही ठेवल्याबद्दल महिन्याच्या महिन्याला पैसे घेणारे डॉक्टर तिकडे आहेत, आणि त्यांतले काही क्वचितच दवाखान्यात डोकावतात. शिकविण्याच्या वेळी हात वर करावयाचे आणि पदवीनंतर सहीचे भाडे वसूल करावयाचे, याला रुग्णहित म्हणता येणार नाही. शिक्षण अपुरे असेल तर ते पुरे करा. अधिकार काढून घेणे हा त्यावरचा उपाय नाही.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. लोक म्हणतात, ऑनलाइन शिक्षण नसते तर नोकरी करणारी, मुलेबाळे असलेली, विद्यापीठापासून शेकडो मैल दूर राहणारी स्त्री शिकली असती का? हे खरे आहे. दूरशिक्षणाची निंदा करणाऱ्यांतला मी नव्हे. केंटकीतल्या त्याच जुन्या संस्थेने इंटरनेट घरोघर पोहोचण्यापूर्वी, १९८९ च्या सुमारास, सुइणीचे उच्च शिक्षण परिचारिकेच्या स्वतःच्या गावीच देण्याची पद्धत काढली. परिचारिकेने गाव सोडू नये, शिकून त्याच गावाची सेवा करावी, हा तिचा हेतू. दूरशिक्षणाचे साधन तेच आहे. ते कोणाच्या हाती आहे आणि कशासाठी आहे, हा भेद आहे. गावातला दवाखाना वर्गखोली व्हावा म्हणून ते वापरता येते, तसेच वर्गखोलीचा खर्च वाचावा म्हणूनही वापरता येते.

आपल्याकडे याचा संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध दोन आहेत. एक व्यवहाराचा. परदेशी पदव्यांच्या जाहिराती आपल्या मुलींच्या भ्रमणध्वनीवर रोज येतात. त्यांनी हे पक्के ध्यानी घ्यावे की, संपूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रमावर अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा मिळत नाही, आणि या अभ्यासक्रमांना सामान्यतः अमेरिकेतील परिचारिकेचा परवाना आधी हातात लागतो. तेव्हा ‘घरबसल्या पदवी घ्या आणि अमेरिकेत जा’ असे सांगणारा दलाल खोटे बोलत आहे.

दुसरा संबंध धोरणाचा. २०१८ नंतर आयुष्मान भारत योजनेखाली आपल्या उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले. त्यांत परिचर्येचे पदवीधर आहेत, आयुर्वेदाचे पदवीधर आहेत. सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम, मग थेट उपकेंद्र, आणि नोकरी कंत्राटी. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यातील राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना सेवेत कायम करण्याच्या मागणीसाठी बेमुदत संपावर जावे लागले. शेजारच्या मध्य प्रदेशात ना इमारत, ना रुग्णालय अशा परिचर्या महाविद्यालयांची चौकशी उच्च न्यायालयाला केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवावी लागली; आणि मे २०२४ मध्ये त्या विभागाच्याच अधिकाऱ्याला महाविद्यालयांकडून लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली. खाटेवाचून परिचारिका घडविण्याची कला आपल्याला अमेरिकेकडून शिकण्याची गरज नाही.

परंतु उलट दिशेचा धडाही आपल्याच मातीत आहे. १९७० नंतर जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने ज्या खेड्यातल्या स्त्रिया आरोग्यसेविका म्हणून निवडल्या, त्यांतल्या अनेकींना अक्षरओळखही नव्हती. त्यांची पदवी नव्हती, प्रवेशअर्ज नव्हता. परंतु त्या दर आठवड्याला केंद्रावर येत, गावात काय पाहिले ते सांगत, चुकले तेथे सुधारून घेत आणि नवे शिकून परत जात. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या स्त्रियांना नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्यास शिकविले आणि बालमृत्यू घटल्याचे १९९९ साली जगासमोर मांडले. कमी शिकलेल्या स्त्रीच्या हाती जीव सोपविता येतो की नाही, याचे उत्तर तेथे मिळाले आहे. सोपविता येतो, अट एवढीच की, तिला शिकविणारा तिच्या पाठीशी सातत्याने उभा पाहिजे. जामखेडला तो होता. लाखो डॉलरचे कर्ज देणाऱ्या देशातील विद्यापीठाच्या नियमावलीत तो नाही.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. जे विद्यापीठ विद्यार्थिनीला प्रिसेप्टर नेमून देत नाही, त्याला तिच्या रुग्णसेवेच्या तासांचे शुल्क घेण्याचा अधिकार नसावा आणि नव्या प्रवेशांची परवानगीही नसावी. परिचारिकांच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाचा खर्च डॉक्टरांच्या प्रशिक्षणाप्रमाणेच सार्वजनिक निधीतून व्हावा. अमेरिकेतील परिचारिकांच्या संघटना रुग्णसंख्येच्या मर्यादेसाठी झगडत आहेत. त्यांनी हा प्रश्नही आपल्या मागणीपत्रात घ्यावा, कारण उद्याची स्वतंत्र परिचारिका आजच्या खाटेजवळच्या परिचारिकेतूनच येते. आणि आपल्या सरकारने समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला उपकेंद्रात पाठविताना तिच्यामागे शिकविणारा वैद्यकीय अधिकारी आणि तिच्या हाती कायम नोकरीचे पत्र, दोन्ही द्यावे.

भाचीला मी ‘भरू नको’ असे लिहिले नाही. तिचे पाय दुखतात, माझे नव्हेत. मी तिला पाच प्रश्न लिहून पाठविले. या अभ्यासक्रमाला परिचर्या शिक्षणाच्या मान्यताप्राप्त मंडळाची मान्यता आहे काय? तू राहतेस त्या राज्यातील विद्यार्थिनींना तो खुला आहे काय? येथून बाहेर पडलेल्यांपैकी किती जणी राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षा पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण होतात? रुग्णसेवेचे तास किती आणि प्रिसेप्टर कोण देणार, विद्यापीठ की तू? आणि प्रिसेप्टर न मिळाल्यास त्या सत्राची फी परत मिळते काय? उत्तरे तोंडी नकोत, लेखी माग, असेही बजावले.

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे सल्लागाराने फोनवर लगेच दिली. चौथ्याला तो म्हणाला, आमचा विभाग ‘मदत करतो’. लेखी द्या म्हटल्यावर त्याने विचारले, आपण जागा राखून ठेवण्याची रक्कम केव्हा भरता? पाचव्या प्रश्नाचे उत्तर अद्याप आलेले नाही. भाचीने तो अर्ज बाजूला ठेवला आहे आणि एका सरकारी विद्यापीठात अर्ज केला आहे, जेथे प्रिसेप्टर संस्थाच नेमते. तेथे जागा थोड्या आणि रांग मोठी. ती रांगेत उभी आहे. प्रत्येक परिचारिकेला एवढी वाट पाहणे परवडेल असे नाही, आणि सल्लागारांच्या यादीत पुढचा क्रमांक त्यांचाच आहे.